चुन्याच्या रेघेबाहेर

ठाणाकुशनूर
१५ नोव्हेंबर १९८२

माणिक,

अप्पा चप्पल घालून उंबऱ्याबाहेर पडले तवा तू रेडिओत बोलतच होतास. मी चुलीपुढून वरडले, "अप्पा, कुठं निघालाव?"

"गुलबर्ग्याला. मोटार गेली का बघतो."

"आता कुठली मोटार? आन् तुमी पोचस्तोवर मॅच ऱ्हाईल का?"

"संपायच्या आत पोचाया पायजे," म्हणले आन् चालायला लागले.

बाबूलाल ओट्यावर बसला होता. आपल्या शेजारच्या खोलीत त्यानं किराणा टाकलाय, तुझी मॅच असली की दुकान पोरीवर सोडून ऐकायला येतो. त्यानं अप्पाचा हात धरला. अप्पानं हिसडा मारला. ऐंशीला टेकलेला माणूस, पण हिसड्यात जोर होता. दोघांनी मिळून घरात आणलं. तवर तू गोल झाला म्हणून वरडायलास. अप्पानं गोल ऐकला न्हाई. कुणी मारला हेबी विचारलं न्हाई.

तू काय म्हणलास ते तुला ध्यानात हाय का? न्हाई म्हणशील, म्हणून लिहिते. कन्नडात म्हणलास, मी आपल्या भाषेत लिहिते. "पलीकडच्या कोपऱ्यात, रेघेबाहेर एक खेळाडू उभा आहे. आत यायची वाट बघतोय. रेफरीचं तिकडं लक्ष नाही." एवढं बोललास आन् पुन्हा चेंडूमागं गेलास.

अप्पा म्हणले, "माझा व्यंकट हाय त्यो. अजून उभाच हाय."

बाबूलालनं मला विचारलं, "व्यंकट कोण, अक्का?" त्याला काय म्हाईत. मी सांगितलं, माझा धाकटा भाऊ. फुटबॉल खेळायचा, डाव्या बाजूनं पळायचा. पासष्ट साली कमलनगरच्या मैदानात बीदरच्या टीमसंगं मॅच होती. रेफरी माझा मधला भाऊ, हाच, रेडिओतला. व्यंकटच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसलं, रगत आलं. रेफरीनं त्याला बाहेर काढलं. म्हणला, धुऊन ये आन् मी हात केल्याबिगर आत पाय टाकू नको. तसा नेमच हाय म्हणे. व्यंकट धुऊन आला, रेघेबाहेर उभा राह्यला. रेफरीनं हात केला न्हाई. खेळ संपला, माणसं आत घुसली, आन् त्यानंतर व्यंकट कुणालाच दिसला न्हाई. कुणी म्हणे हैदराबादच्या गाडीत बसला, कुणी काय. अप्पा दोन वर्सं स्टेशनं फिरले.

बाबूलाल म्हणला, "हात का नहीं किया?"

मी म्हणलं, ते रेफरीला विचार.

आता मी रेफरीला दुसरंच विचारते. काल तिथं खरंच कुणी उभा होता का? एका ओळीत लिही. लांबण लावू नको.

चांगुणा


गुलबर्गा
२१ नोव्हेंबर १९८२

ती. अक्कास सप्रेम जयभीम.

एका ओळीत: तो बदली खेळाडू असावा.

आता थोडं सविस्तर. आमच्या इथल्या टीमच्या बनियनवर नंबर नसतात. असले तरी पहिल्या पावसात धुऊन निघालेले. म्हणून मी खेळाआधी तंबूत जाऊन बसतो, पोरं बूट बांधताना बघतो, कोण कसा चालतो ते डोक्यात ठेवतो. वर माचावर बसलं की चेहरे दिसत नाहीत, चाल दिसते. बावीसच्या बावीस जणांना मी पाठमोरे ओळखतो. कोपऱ्यातल्याला मी ओळखलं नाही, म्हणजे तो बदलीच असणार.

माझा एकच नियम आहे, तुला माहीत आहे. दिसतं तेच सांगायचं. ऐकणारा आंधळा असतो आणि त्याने आपल्या खांद्यावर हात ठेवलेला असतो. त्याला नसलेली पायरी सांगायची नाही. उभा दिसला म्हणून उभा म्हणालो.

शिवय्या साहेबांनीही विचारलं. ते आमचे कार्यक्रम अधिकारी. आळंदहून कुणीतरी केंद्राला पत्र टाकलं आहे, तो खेळाडू शेवटी आत आला की नाही म्हणून. साहेब हसत होते. मीही हसलो.

एक बातमी आहे. बंगळूरला टीव्हीवर सामने दाखवायचे आहेत आणि त्यांना कन्नड बोलणारा, पूर्वी रेफरी असलेला माणूस हवा आहे. माझं नाव गेलं आहे. दोन जानेवारीची फायनल ही रेडिओवरची माझी शेवटची मॅच ठरेल. टीव्हीवर कमी बोलायचं असतं म्हणतात. लोकांना सगळं दिसतच असतं.

अप्पांना सांग, बदली खेळाडू होता.

तुझा
माणिक


ठाणाकुशनूर
२ डिसेंबर १९८२

माणिक,

बदली खेळाडूच्या नाकाला फडकं कशाला असतंय?

हे मी मागल्या पत्रात मुद्दाम लिहिलं न्हाई. तू काय म्हणतोस ते बघावं म्हणलं. रेडिओत तू म्हणलास, "नाकाशी पांढरं फडकं धरलेलं आहे." बाबूलालनं ऐकलं, मी ऐकलं. त्या दिवशी अप्पानं डोक्याचा पटका फाडून व्यंकटच्या हातात दिला होता. ते तुला मैदानाच्या मधनं दिसलंच असंल. म्हणून तर अप्पा उठले.

बातमी चांगली हाय. टीव्हीत दिसशील का नुसता आवाज येणार? बाबूलाल म्हणतो, कमलनगरात कुणी टीव्ही घेतला तर जीप करून जाऊ. पण आता माझं ऐक.

अप्पा बसत न्हाईत.

तुला कळायचं न्हाई म्हणून नीट लिहिते. त्या दिवसापासनं बसत न्हाईत. भाकरी उभ्यानं खातेत. चहा उभ्यानं. गोठ्याच्या मेढीला पाठ लावून डोळे मिटतेत, तीच झोप. गाढ लागली की मी आन् बाबूलाल आडवं करतो, पण जाग आली की पुन्हा उभे. म्हणलं, अप्पा, हे काय मांडलंय? तर म्हणले, "पोरगं उभं हाय तिथं. मी कसा बसू?"

म्हणलं, बदली खेळाडू होता म्हणून पत्र आलंय.

म्हणले, "वाच." मी वाचलं. ऐकून घेतलं आन् म्हणले, "माणक्याला म्हणावं, हात कर."

पाय सुजून खांबासारखे झालेत. औरादच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. म्हणला, असं उभं ठेवू नका, पाय जातील, मग छातीवर येईल. जसं काय मीच उभं केलंय. मी म्हणलं, साहेब, तुमीच बसवून दावा. त्यानं खुर्ची पुढं केली, "बसा मामा," म्हणला. अप्पा त्याला म्हणले, "तुमी बसा की. तुमचं कुणी उभं न्हाई."

तूच बाहेर काढलंस. तूच आत घे. कसं ते तुझं तू बघ.

चांगुणा


गुलबर्गा
११ डिसेंबर १९८२

ती. अक्कास सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. मी येऊन अप्पांशी बोलणार होतो. बीदरपर्यंत आलो आणि स्टँडवरून परतलो.

तू फडक्याचं विचारलंस. मग ऐक.

तो प्रत्येक मॅचला असतो. मी रेफरी होतो तोवर नव्हता. रेफरी चेंडूमागे पळतो, रेघेकडे त्याची पाठ असते. गुडघा गेला, शिट्टी सोडली आणि माचावर बसून बोलायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा दिसला. पलीकडचा कोपरा, झेंड्यापासून जरा अलीकडे. लाल बनियन. एक पाय रेघेच्या अगदी जवळ, पण रेघेवर नाही. त्याने रेघ कधी तुडवलेली नाही. मैदान बदललं तरी जागा तीच. रायचूरला बदलली नाही, बल्लारीला बदलली नाही.

इतकी वर्षं मी त्याच्याविषयी बोललो नाही. दिसतं तेच सांगायचं हा नियम, पण दिसतं ते सगळं सांगायचं असा नियम नाही. त्या दिवशी तोंडातून गेलं. कसं गेलं माहीत नाही.

आता हात करण्याविषयी. मी रेफरी नाही. माचावर बसलेल्या माणसाने हात केला तर तो कुणासाठी? माझ्याकडे फक्त बोलणं आहे. तो आत येताना दिसला तर मी म्हणेन, आला. दिसल्याशिवाय कसं म्हणू?

आणि समज, मी म्हणालो आणि तो आला. मग रेघेबाहेर कुणी उरणार नाही. याचा विचार तू केला आहेस का?

अप्पांना गोळ्या वेळेवर दे. पायांखाली पाण्याचं घमेलं ठेव, निदान सूज उतरेल.

माणिक


ठाणाकुशनूर
१९ डिसेंबर १९८२

माणिक,

तुझं पत्र अप्पाला वाचून दाखवलं न्हाई. चुलीत घातलं. पण मी दोनदा वाचलं आन् मला आधी लई राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. रागातच लिहायलीय.

तुला तो दर मॅचला दिसतो. आम्हाला एकदा न्हाई दिसला. मी आडावर गेले तरी वळून बघते. मोटार थांबली की कोण उतरलं बघते. अप्पानं कुठली कुठली स्टेशनं पालथी घातली. आन् तू वर बसून त्याला बघायलास, आन् घरी येऊन जेवायलास, आन् आम्हाला एक शब्द न्हाई. तू त्याला तिथं ठेवून घेतलायस. तुझ्या सोबतीला. तिकडं तो उभा, हिकडं म्हातारा उभा, आन् मधी तू एकटा बसलायस.

विचार केलाय का म्हणतोस. मी दुसरं केलंय काय? रेघेबाहेर कुणी उरणार न्हाई, म्हंजी तो गेला. मला म्हाईत हाय तो गेला. मी कवाच समजून हाय. पण गावात त्याच्या नावानं एक मेणबत्ती लावता आली न्हाई, अप्पा लावू देत न्हाईत. गेलेल्या माणसाचं करतेत तसं पुण्यानुमोदन करू म्हणलं की म्हणायचे, मॅच संपली पण त्याला कुणी जा म्हणलेलं न्हाई.

आन् आता एक लिहिते, जे मी कधी लिहिलं न्हाई. त्या दिवशी मी बायांत उभी होते, मैदानाच्या कडंला. माणसं काय वरडत होती ते मी ऐकलंय. "घे की तुझ्या भावाला आत! तुझ्या वस्तीतला हाय! शिट्टी तुमच्याच बापाची झाली आता!" आपल्यातला पहिला रेफरी तू. शिट्टी तुझ्या हातात आलेली त्या लोकांना सोसत नव्हती. त्यांना एवढंच पायजे होतं, तू एकदा आपल्या माणसाकडं झुकावं. तू झुकला न्हाईस. त्यासाठी पोराला उभं ठेवलंस. मी तुला कधी बोल लावला न्हाई, आजबी लावत न्हाई. तुझ्या जागी मीबी तेच केलं असतं.

पण माणिक, आता कोण वरडायलंय?

टीव्हीत गेलास की सगळ्यांना दिसंल, कोपऱ्यात कुणी न्हाई. मग तुला "आत आला" म्हणता येणार न्हाई. रेडिओत हायस तवरच म्हणता येतंय.

अप्पा काल मेढीवरनं घसरून पडले. कपाळाला लागलं. उचललं तर पहिलं काय म्हणले? "मी बसलो न्हाई गं, पडलो."

चांगुणा


गुलबर्गा
२७ डिसेंबर १९८२

अक्का,

फायनलला रेडिओ चालू ठेव. अप्पांना जवळ घे.

माणिक


गुलबर्गा
३ जानेवारी १९८३

ती. अक्कास सप्रेम जयभीम.

तू सांगितलंस तसं केलं. ऐकलंच असशील. तरी वरून कसं दिसलं ते लिहितो, म्हणजे अप्पांना सांगता येईल.

दुसरा हाफ सुरू होऊन बराच वेळ झाला होता. चेंडू पलीकडे बाहेर गेला, नाल्यात पडला. पोरं आणायला गेली. मैदानात सगळे कमरेवर हात ठेवून उभे होते. शिवय्या साहेब माझ्या बाजूलाच होते, काहीतरी बोलत राहा म्हणून खूण करत होते. अशा वेळी आम्ही हवा कशी आहे, गर्दी किती आहे ते सांगतो.

मी म्हणालो, "रेफरीने हात केला आहे. रेघेबाहेर उभा असलेला खेळाडू, व्यंकट, आत येत आहे."

आणि तो आला, अक्का. फडकं त्याने चड्डीत खोचलं. उजवा पाय आधी टाकला. डाव्या बाजूने, नेहमीसारखा मान खाली घालून पळत गेला. मधल्या रेघेपाशी त्याने एकदा वर बघितलं, माचाकडे. तो थकलेला नव्हता. अप्पांना हे सांग. इतकी वर्षं उभा होता तरी थकलेला नव्हता.

मग चेंडू आला आणि खेळ सुरू झाला. मी पुढचं सगळं बरोबर सांगितलं. एकही नाव चुकलं नाही.

साहेबांनी खेळ संपू दिला. नंतर विचारलं, "व्यंकट कोण? दोन्ही टीममध्ये व्यंकट नाही." मी म्हणालो, माझा भाऊ. त्यांनी समोरचे कागद गोळा केले. मग म्हणाले, मला हे लिहून कळवावं लागेल, माणिकराव. बंगळूरलाही कळेल. मी म्हणालो, कळवा. चांगला माणूस आहे. माझा चहा त्याने स्वतः ओतून दिला.

बंगळूरचं बहुतेक राहिलं. त्याचं काही वाटत नाही. काल घरी आलो तेव्हा मोकळं वाटत होतं. पाय हलके वाटत होते.

अप्पांना आता बसव. माझं नाव सांगून बसव.

तुझा
माणिक


ठाणाकुशनूर
८ जानेवारी १९८३

चि. माणिकला अक्काचा जयभीम.

तुझं पत्र काल आलं. अप्पाला वाचून दाखवलं न्हाई. ते का, ते सांगते.

फायनलच्या दिवशी रेडिओ मेढीला टांगला, अप्पाच्या कानापाशी. बाबूलालनं नवे सेल घातले. दुकान बंद ठेवून आला होता. त्याची बायको, वस्तीतल्या चार बाया, सगळ्या आंगणात. कुणाला फुटबॉल कळत न्हाई. ज्यांना कन्नड कळत न्हाई त्यांना मी सांगत होते. पहिला हाफ गेला, तू काय म्हणला न्हाईस. अप्पाचे पाय थरथरायले होते. मी एका अंगाला, बाबूलाल एका अंगाला.

मग तू म्हणलास. बाबूलालनं "आया! आया!" म्हणून उडीच मारली. बायांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी रडायला लागलं. मी अप्पाच्या तोंडाकडं बघितलं.

अप्पा म्हणले, "खोटं."

म्हणलं, "अप्पा, असं काय करता? आला म्हणला की त्यो. नाव घेतलं त्यानं."

"खोटं बोलायलाय माणक्या."

"कशावरनं?"

"दिसतंय तवा त्यो थांबत न्हाई. सरासरा सांगत जातो. आत्ता आधी थांबला. दम घेतला आन् मग म्हणला."

बाबूलाल म्हणला, "मामा, बोलताना माणूस दम घेतोच की." अप्पा त्याला म्हणले, "तुझं पोर असतं तर तुला कळलं असतं. माझं हाय, मला कळतंय. लहान असल्यापास्नं खोटं बोलायच्या आधी दम घेतो."

मी घाबरले. वाटलं आता हे कधीच बसायचे न्हाईत. पण अप्पाचा आवाज चिडका नव्हता. ते तसेच मेढीला टेकून रेडिओ ऐकत राह्यले. तू मॅच सांगत होतास. जरा वेळानं हळू म्हणले, माझ्याकडं न बघता, "रेघंपाशी व्यंकट अजून उभा असता, तर माणक्याला खोटं बोलावं लागलं नसतं. बघितलं असंल त्यानं. जागा मोकळी दिसली असंल."

मी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं.

"माणक्याला कसं वाटलं असंल गं," म्हणले.

मॅच संपेपर्यंत उभे होते. कोण जिंकलं विचारलं, बाबूलालनं सांगितलं. रेडिओ बंद करा म्हणले.

तुझ्या पत्रात तू लिहिलंस, फडकं खोचलं, उजवा पाय आधी टाकला, वर बघितलं. मी तुला विचारत न्हाई. मागं एका ओळीत लिही म्हणून विचारलं होतं, आता ती ओळ नको. तुझ्याजवळच असू दे. तू अप्पासाठी बोललास एवढं मला पुरं हाय. बंगळूरचं गेलं तर जाऊ दे. चार दिवस रजा काढून घरी ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पानं मला हाक मारली. म्हणले, औरादच्या बौद्धाचार्याला निरोप धाड, व्यंकटचं पुण्यानुमोदन करायचंय, आन् माणिक आल्याबिगर दिवस धरू नका म्हणावं. मग मेढ सोडली, दोन्ही हात भुईला टेकवले आन् खाली बसले.

चांगुणा